बोलावंसं वाटतंय

मौलमीन शहरात बा न्युनचा आवाज कधी घुमला नाही असं घर शोधूनही सापडलं नसतं. मुलांना चीवर नेसवून काही दिवस भिक्षू करायचा समारंभ असो, मुलींचे कान टोचायचे असोत, नव्या घरात पाऊल टाकायचं असो, मांडवात माइक हातात घेऊन उभा राहायचा तो हाच. आधी आशीर्वाद म्हणायचा, मग यजमानाच्या घराण्याचं कौतुक करायचं आणि शेवटी आईच्या उपकारांचं कवन असं काही लावायचं की पहिल्या रांगेतल्या बायकांचे रुमाल भिजायचे. एकोणतीस वर्षं तो हेच करत आला होता. घरी आल्यावर तरी तोंड बंद असावं ना? नाव नको. जेवताना बोलायचा, आंघोळ करताना बोलायचा, आणि बायको सेन म्या काही सांगायला लागली की हात वर करून म्हणायचा, "थांब, माझं होऊ दे." ते काही कधी व्हायचं नाही.

तर अशा माणसाच्या गळ्यात गाठ निघाली.

चार महिने आवाज बसला होता. आल्याचा रस झाला, ताडगूळ झाला, चिरूट दिवसाला सातवरून दोनवर आले, तरी घशात कोणी काथ्या घासतंय असं वाटायचं थांबेना. शेवटी सेन म्याने त्याला धरून रंगूनच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर तरुण होता आणि त्याने गोड बोलण्यात वेळ घालवला नाही.

"आवाजाची पेटीच काढावी लागेल, काका. गळ्याला भोक ठेवू, श्वास तिथून घ्यायचा. जगाल. बोलता मात्र येणार नाही."

"कधीच?"

"कधीच. महिनाअखेरचा मंगळवार तुमच्यासाठी ठेवतो. त्यानंतर आलात तर मी सुरी हातात घेणार नाही, आताच सांगतो. तोवर गाठ खाली उतरलेली असेल."

बा न्युन 'बघतो' म्हणाला आणि उठला. परतीच्या सबंध प्रवासात तो बोलत होता. सेन म्या खिडकीतून बाहेर बघत बसली होती.

घरी आल्यावर तिने एकदाच, नेहमीसारखं नावापुढे आदराचं 'को' लावून, विचारलं, "को न्युन, मंगळवारचं काय कळवू?"

"काय कळवतेस? मुका होऊन बसू दारात? लोक विचारतील, हा कोण? तू सांगशील, हा पूर्वी बा न्युन होता. त्यापेक्षा आहे तो आवाज घेऊन जाईन वर."

"आणि मी?"

"थांब, माझं होऊ दे," तो म्हणाला आणि पुढे अर्धा तास बोलला.

पण माणूस भित्रा होता, आणि भित्र्या माणसाला युक्त्या सुचतात. गावाबाहेर टेकडीवर रबराच्या बागांमध्ये ध्यानाचं केंद्र होतं. तिथे दहा दिवस तोंड मिटून बसायचं असं त्याने ठरवलं. मनातल्या मनात बुद्धासमोर अधिष्ठान, म्हणजे संकल्प, केलं: माझ्यासारख्या माणसाने दहा दिवस मौन पाळलं तर ते केवढं मोठं पुण्य! त्या पुण्याच्या बळाने ही गाठ विरघळू दे, आवाज राहू दे. हे तो कोणाला बोलला नाही. हयातीत न बोलून दाखवलेली ही त्याची पहिलीच गोष्ट असावी.

सेन म्याला एवढंच सांगितलं, "परत आल्यावर मंगळवारचं सांगतो."

"दहा दिवस गप्प? तुम्ही?" ती म्हणाली. "केंद्राचं छप्पर उडेल, को न्युन."

केंद्राचे मुख्य भिक्षू, ज्यांना सगळे सयाडो म्हणत, अंगाने काटकुळे होते. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी नव्या योग्याला समोर बसवून पाच मिनिटांत सगळं सांगितलं. पोट फुगतं, पोट बसतं. फुगताना मनात म्हणायचं 'फुगतंय', बसताना 'बसतंय'. मध्येच दुखलं तर 'दुखतंय', काही कानावर आलं तर 'ऐकू येतंय', विचार आला तर 'विचार येतोय'. जे येईल त्याला त्याच्या नावाने हाक मारायची आणि परत पोटावर यायचं. चालतानाही तसंच: पाय उचलला, पुढे नेला, टेकला. कोणाशी बोलायचं नाही. फक्त दुपारी एक वाजता माझ्यापुढे येऊन दिवसभरात काय दिसलं ते सांगायचं.

'सांगायचं' हा शब्द ऐकताच बा न्युनच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी एक वाजता तो सयाडोंपुढे तीनदा डोकं टेकवून बसला, घसा खाकरला आणि घोगऱ्या आवाजात का होईना, सुरू झाला. "भन्ते, श्वास आत आला तो जणू भर पावसाळ्यात थानल्विन नदी दोन्ही काठ भरून..."

"दागा," सयाडो म्हणाले; संसारी उपासकाला ते अशीच हाक मारत. "मी पोटाचं विचारतोय, नदीचं नाही."

"तेच सांगतोय भन्ते. पोट..."

"फुगायला सुरुवात कुठून झाली? बेंबीच्या वर की खाली? कडक होतं की मऊ? फुगणं संपलं आणि बसणं सुरू झालं, त्यांच्यामध्ये काही होतं का?"

बा न्युनने तोंड उघडलं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. चोपन्न वर्षं जे पोट सोबत वागवलं त्याची हालचाल वर सुरू होते की खाली, हे त्याला सांगता येईना. सयाडोंनी शेजारची घंटा वाजवली आणि पुढच्या योग्याला आत बोलावलं.

चौथ्या दिवशी तो उड्या मारतच गेला. उड्या मनातल्या, बाकी चाल तिथल्या नियमाप्रमाणे गोगलगाईची. "भन्ते, आज पहाटे सोनेरी प्रकाश दिसला! डोळे मिटलेले, आणि समोर जणू शिखराचा कळस..."

"दिसला तेव्हा 'दिसतंय' म्हणालात?"

"नाही भन्ते. हात जोडले."

"आणि मग?"

"मग... मग त्या प्रकाशावर एक चार ओळींचं कवन सुचलं."

सयाडोंच्या ओठांचा कोपरा हलला. "प्रकाश केव्हा गेला?"

बा न्युनने आठवून पाहिलं. दुसरी ओळ जुळवत असताना कधीतरी गेला होता. ह्याचं लक्षच नव्हतं. पुन्हा घंटा.

खरं सांगायचं तर तो गप्प होता फक्त तोंडाने. आत मांडव भरलेला होता. सकाळी भाताची पेज पिताना तो मनात लोकांना सांगत होता की मंडळी, केंद्रातली पेज कशी असते. चालताना स्वतःच्या चालीचं वर्णन चालू होतं. पाचव्या दिवशी तर मौनावर एक नामी भाषण तयार झालं, सुरुवात, मध्य, शेवट सगळं जागच्या जागी, आणि ते म्हणायला आवाज उरेल का या विचाराने त्याचे डोळे भरून आले. रात्री अंथरुणावर त्याने गळ्याला हात लावून पाहिला. गाठ होती तिथेच होती.

सहाव्या दिवशी त्याच्याकडे सांगायला काही उरलं नव्हतं. तो नुसताच बसला.

"दागा, तुमचा धंदा बोलण्याचा. बोलण्याच्या आधी काय असतं?"

"शब्द, भन्ते."

"शब्दाच्या आधी?"

तो गोंधळला.

"पोट सोडा आता. उद्या एवढंच बघा. बोलायच्या आधी बोलावंसं वाटतं. ते कुठे येतं, कसं येतं, काय करतं आणि कुठे जातं. बाहेर बोला की आत बोला, आधी ते येणारच. आलं की म्हणा, 'बोलावंसं वाटतंय'. त्याच्यामागे जाऊ नका आणि त्याला हाकलूही नका."

सातव्या दिवशी अकराचं जेवण आटोपून तो दालनाच्या मागच्या व्हरांड्यात बसला. रात्रभर सरी येऊन गेल्या होत्या, आता ऊन तापलं होतं, आणि बागेत रबराची पिकलेली बोंडं उन्हाने तडकत होती. एखादं बोंड फटकन फुटायचं, बिया पत्र्यावर पडून घरंगळत जायच्या.

फट्.

आत लगेच आवाज उठला: बघा मंडळी, रबराची बी फुटली. 'बोलावंसं वाटतंय' असं म्हणायला तो उशिराच पोचला. सगळं बोलून झालं होतं.

फट्. पुन्हा उशीर. घटकाभर असंच चाललं. तो दर वेळी स्टेशनवर पोचायचा आणि गाडी निघून गेलेली असायची. त्याला स्वतःचा राग आला. राग आलाय असं म्हटलं. राग गेला. गेला? त्याला आश्चर्य वाटलं, पण तेवढ्यात पुढचं बोंड फुटलं, आणि या वेळी तो वेळेवर होता.

आधी नुसता एक कडक आघात आला, त्याला नाव नव्हतं. तो संपला. मग कुठूनसा 'रबर' हा शब्द आला. तोही संपला. आणि मग गळ्याच्या खाली, छातीच्या वरच्या हाडाच्या आत, बोटभर जागेत एक दाब उठला. जिभेचं मूळ किंचित वर सरकलं. हेच. हेच ते 'बोलावंसं वाटणं'. त्याने त्याला हाक मारली आणि तो बघत राहिला. दाब थोडा वाढला, थरथरला, विरळ झाला आणि नाहीसा झाला. शब्द आलेच नाहीत. तिथे आता काहीच नव्हतं.

बा न्युनच्या अंगावर सरसरून काटा आला.

कारण आजवर हे सगळं एक होतं. 'मी ऐकलं आणि मी बोललो.' आता त्याचे तुकडे तुकडे समोर होते, दर तुकडा आला की संपत होता, आणि त्या तुकड्यांच्या मध्ये कोणी उभं नव्हतं. पुढचं बोंड फुटलं. आघात, ऐकणं, शब्द, दाब, गेलं. डास चावला. टोच, खाज, हात उचलावासा वाटणं, गेलं. कोणी मागवलं नव्हतं, कोणी पाठवलं नव्हतं, कोणी धरून ठेवू शकत नव्हतं. हे इतक्या वेगाने चाललं होतं आणि तरी इतकं स्पष्ट की त्याला वाटलं, आजवर आपण जगात आंधळ्यासारखे वावरलो.

मग भीती आली. यात बा न्युन कुठे आहे? ज्याचा आवाज वाचवायला आलो तो कुठे आहे? तो शोधू लागला. शोधावंसं वाटणं दिसलं, उठलं आणि विझलं. भीती पोटात गार पडत होती, ती दिसली, तीही विरली. भ्यायला कोणी सापडलं नाही, आणि मग भीतीला बसायला जागा उरली नाही.

त्याला त्याचा आवाज आठवला. मांडवातला, भरदार, एकोणतीस वर्षांचा. पण आठवण म्हणजे तरी काय, एक अस्पष्ट नाद आला आणि गेला. आणि एकाएकी त्याला दिसलं की तो मांडवातला आवाजही नेमका असाच होता. प्रत्येक शब्द तोंडातून निघताक्षणी संपलेला होता. एकही अक्षर त्याच्याजवळ राहिलं नव्हतं, अर्धा क्षणसुद्धा नाही. इतकी वर्षं तो ज्याला 'माझा आवाज' म्हणून उराशी धरून होता, ते दर क्षणी त्याच्या हातून गेलेलंच होतं, आणि तरी तो जगला होता, जेवला होता, हसला होता. मग त्या डॉक्टरच्या हाती असं काय लागणार होतं?

तो रडला. दुःखाने नाही, किंवा दुःखानेही असेल. एवढं अफाट काही रोज, अष्टौप्रहर, आपल्याच अंगात चाललेलं असावं आणि आपण त्याच्यावर बडबड करत बसावं! त्याला बुद्धापुढे डोकं टेकवावंसं वाटलं, आणि ते वाटणंही त्याने उठताना पाहिलं. नंतर डोकं टेकवलं, ते मात्र हळूच, आणि कपाळाला लागलेला फरशीचा गारवा पुरा होईपर्यंत.

एक वाजून गेला होता. सयाडोंपुढे आज तो शेवटचा होता.

"काय दिसलं?"

दाब उठला. फार मोठा, सबंध दुपारचा. तो त्याच्याकडे बघत बसला. दाब ओसरल्यावर जे उरलं तेवढंच तो म्हणाला, "भन्ते, बोंड फुटलं. ऐकू आलं. बोलावंसं वाटलं. इथे." त्याने छातीच्या हाडावर बोट ठेवलं. "गेलं."

"कोणाला वाटलं?"

"शोधलं. नाही सापडलं."

सयाडोंनी चष्मा काढला, चिवराच्या टोकाने पुसला आणि परत घातला. बा न्युनला शाबासकीची आशा वाटली. ती आशा त्याला लख्ख दिसली, अगदी बाळबोध, खाऊसाठी पुढे केलेल्या हातासारखी, आणि त्याला हसू आलं.

"बघत राहा," सयाडो म्हणाले. घंटा वाजवली नाही. आत यायला कोणी उरलंही नव्हतं.

तो उठता उठता थांबला. "भन्ते, एक लपवलं होतं. मी अधिष्ठान करून आलो होतो. मौन पाळतो, गाठ विरघळू दे. ती तशीच आहे."

"गाठीला कळवलं होतंत का तुमचं अधिष्ठान?"

"नाही भन्ते."

"मग तिचा काय दोष?" सयाडो म्हणाले, आणि दोघेही हसले. हसता हसता बा न्युनला खोकला आला आणि खोकल्याबरोबर थोडं रक्त. सयाडोंनी स्वतः उठून पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. "दागा, मंगळवारचं मला तुमच्या घरून कळलंय. मी काही सांगणार नाही. तुम्हाला आता जे दिसतंय, त्याला विचारा."

उरलेले तीन दिवस त्याला पुन्हा तसं लख्ख दिसलं नाही. गुडघे दुखले, झोप आली, एकदा आतला मांडवही भरला. पण मांडव भरताना आता त्याला ऐकू यायचं.

दहाव्या दिवशी सेन म्या घोडागाडी घेऊन फाटकाशी आली. धाडस गोळा करून आलेल्या माणसासारखा तिचा चेहरा आवळलेला होता. बा न्युन गाडीत चढला, तिच्या शेजारी बसला. टेकडी अर्धी उतरली तरी तो काही बोलला नाही. तिने दोनदा त्याच्याकडे पाहिलं, मग घाबरलीच.

"को न्युन, काय झालं? आवाज गेला का पुरता?"

"नाही. आहे अजून," तो म्हणाला. "मंगळवारी रंगूनला जायचं. कळवून टाक."

तिने त्याचा दंड घट्ट धरला. गाडीवान पुढे बसला होता याचंही तिला भान राहिलं नाही. दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि रडताना ती चिडली. "मी रात्रभर जागून ठरवून आले होते, तुम्ही नाही म्हणालात की काय काय सुनवायचं ते! सगळं फुकट!"

"सुनव की."

"आता काय सुनवू? तुम्ही हो म्हणालात."

"तरी बोल. काहीही."

लग्नाच्या सत्तावीस वर्षांत असं कोणी सेन म्याला म्हटलं नव्हतं. ती गडबडली, पदार्थ विसरलेल्या सुगरणीसारखी इकडेतिकडे बघू लागली. मग शेजारणीच्या बदकांपासून सुरुवात केली. बदकं कुंपणातून आत येतात, भाजी खातात, आणि शेजारीण वर तोंड करून भांडते. बा न्युन ऐकत होता. तिचा आवाज किंचित खरखरीत होता, आणि वाक्य संपताना ती तो उचलायची, जणू परवानगी मागतेय. हे त्याला माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं. लाज वाटली, छातीत कळ आल्यासारखी. पण तो ऐकत राहिला, कारण हा आवाजही येत होता आणि जात होता, आणि याच्यातलं काही आता सुटू द्यायचं नव्हतं.

बदकं संपली. घोड्याच्या टापा वाजत होत्या.

"एक सांगू?" ती म्हणाली. "हसाल."

तो काही बोलला नाही.

"सगळ्यांना वाटतं मी तुमच्या आवाजावर भाळले. आमच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या मुली भाळल्याच होत्या, मी नव्हते. मला तो आवाज तेव्हाही जरा जास्तच वाटायचा." तिने डोळे पुसले. "तुम्ही आमच्याकडे समारंभ ठरवायला आला होतात. बाबांच्या पायात काटा मोडला होता. तुम्ही त्यांचा पाय मांडीवर घेऊन तो काढायला बसलात. अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मी दारामागून बघत होते. तेव्हाच आईला सांगितलं, मला हाच हवा."

"कधी बोलली नाहीस ते."

"सवड कुठे मिळाली?"

बा न्युनने तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. गाडी रबराच्या बागेतून बाहेर पडून शहराच्या रस्त्याला लागली होती.

"मग?" तो म्हणाला. "आई काय म्हणाली?"